भालुकपाँगचं गेट आणि १८७३ची रेघ

हेडफोन लावले असतील तर बरं, कारण आज जरा लांब जायचंय. पुण्याहून विमानाने गुवाहाटी, तिथून गाडीने तेजपूर, आणि तेजपूरच्या पुढे दोनेक तासांवर भालुकपाँग. आसामचं सपाट मैदान इथे संपतं आणि समोर एकदम डोंगर उभा राहतो. शेजारून कामेंग नदी खाली उतरते. पुढे आसामात तिलाच जिया भराली म्हणतात. या गावात रस्त्यावर एक गेट आहे. गेटच्या पलीकडे अरुणाचल प्रदेश.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात आमची सुमो या गेटपाशी थांबली. ड्रायव्हर सोडून आम्ही चौघं. एक मी, हिंजवडीत कोड लिहिणारा. दुसरा माझ्या टीममधला मित्र, दिरांगचा, मोनपा समाजातला, सहा वर्षं पुण्यात राहणारा. आणि आमच्या कंपनीच्या जर्मनीतल्या ऑफिसचा एक सहकारी व त्याची बायको. आम्ही तवांगला निघालो होतो.

पोलिसाने आधी जर्मन जोडप्याचे कागद घेतले. पासपोर्ट, व्हिसा आणि वर आणखी एक परवाना. तीन-तीन वेळा उलटसुलट पाहिले, वहीत नोंद केली. मग माझ्याकडे वळला. मी मोबाइलवरची आयएलपी दाखवली, म्हणजे इनर लाइन परमिट, आणि आधार कार्ड. मित्राकडे बघून तो नुसता हसला. दोघं काहीतरी बोलले, आणि संपलं. त्याला कागद मागितलाच नाही.

मी गाडीत बसता बसता बोलून गेलो, "आपल्याच देशात फिरायला व्हिसा! कमाल आहे राव."

मित्र खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "व्हिसा नाहीये रे तो. दिरांगला पोचलो की सांगतो."

त्याने दिरांगला जे सांगितलं, ते मी तुम्हाला शेवटी सांगणार आहे. पण मधल्या वेळेत मी त्या गेटचा इतिहास वाचून काढला, आणि माझं ते वाक्य किती बाजूंनी चुकीचं होतं ते कळत गेलं. आजचा भाग त्याच वाचनाचा.

आधी व्यवहाराची गोष्ट, कारण तुमच्यापैकी बरेच जण तवांगचे रील बघून तिकिटं काढणार आहेत. व्हिसा आणि परमिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसा म्हणतो, देशात या. परमिट म्हणतं, देशात आलात ते ठीक, पण या भागात शिरायचं तर वेगळं विचारा. भारतीय माणसाला अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर या चार राज्यांत जायला आयएलपी लागते. अरुणाचलची आयएलपी ऑनलाइन मिळते. फोटो, ओळखपत्र, कुठे जाणार, किती दिवस, थोडीशी फी, झालं.

परदेशी माणसाचं प्रकरण मोठं. त्याला भारताचा व्हिसा तर हवाच, वर अरुणाचलसाठी पीएपी हवं, म्हणजे प्रोटेक्टेड एरिया परमिट. माझ्या सहकाऱ्याकडे कामाचा व्हिसा होता. त्याला वाटलं, आपण तर पुण्यात राजरोस राहतोय, आता आणखी काय? त्याची बायको ई-व्हिसावर आली होती. त्या ई-व्हिसाच्या अटींतच लिहिलेलं असतं की संरक्षित आणि प्रतिबंधित क्षेत्रांत जायला तो चालत नाही. ते बारीक अक्षर तिने वाचलं नव्हतं. आपण तरी कुठे वाचतो? शेवटी नोंदणीकृत टूर एजंटमार्फत दोघांचं पीएपी काढलं. एकट्या-दुकट्याला ते सहसा मिळत नाही, किमान दोघांचा गट लागतो, आणि मुदत जास्तीत जास्त तीस दिवस. क्रम लक्षात ठेवा: आधी व्हिसा, मग परमिट, कारण परमिटच्या अर्जात व्हिसाचा तपशील भरावा लागतो. विमानाचं तिकीट त्यानंतर. आणि झेरॉक्स पाच-सहा तरी काढा. डोंगरात नेटवर्क जातं, झेरॉक्स जात नाही.

बरं, परवाना काढून प्रवास करणं आपल्याला काही नवीन नाही. पेशवाईतल्या कागदांत राहदारीची दस्तकं भेटतात. अमुक माणूस, अमुक माल, अमुक ठिकाणी चाललाय, वाटेत अडवू नये. म्हणजे दस्तक हे जाऊ देण्यासाठी असायचं. भालुकपाँगच्या गेटचा जन्म मात्र उलट कारणाने झाला. माणसांना अडवण्यासाठी. प्रश्न असा की कुणाला अडवायचं होतं? मला वाटायचं, डोंगरातल्या लोकांना. तिथेच मी चुकलो होतो.

चला मागे, १८२६ साली. इंग्रज आणि ब्रह्मदेश यांचं पहिलं युद्ध यांदाबोच्या तहाने संपलं आणि आसाम ईस्ट इंडिया कंपनीच्या हातात आला. त्याच्या तीन वर्षं आधी, १८२३ मध्ये, रॉबर्ट ब्रूस नावाच्या एका स्कॉटिश माणसाला वरच्या आसामात सिंगफो लोकांकडे चहाची झाडं असल्याचं कळलं होतं. सिंगफो लोक तो चहा आधीपासून पीत होते, हे आपण विसरायचं नाही. १८३९ मध्ये आसाम कंपनी निघाली. लंडनच्या बाजारात आसामचा चहा गेला आणि लोकांना कळलं की चिनी चहाला पर्याय सापडला.

मग जे झालं ते आपल्या पिढीला नीट समजेल. १८६०च्या दशकात चहाच्या कंपन्यांचा अक्षरशः फुगा आला. जमीन घ्या, कंपनी काढा, शेअर विका. काही मळे तर कागदावरच होते. स्टार्टअपवाल्यांनो, ओळखीचं वाटतंय ना? १८६५-६६च्या सुमारास फुगा फुटला. पण फुटेपर्यंत मळे मैदान सोडून डोंगराच्या पायथ्याशी जाऊन भिडले होते. ती जमीन सरकारी कागदावर 'पडीक' होती. डोंगरातल्या लोकांसाठी ती शिकारीची, लाकडाची, झूम शेतीची जमीन होती.

चहाच्या जोडीला रबर आलं. हे आजच्या केरळमधल्या रबराचं झाड नव्हे, वडाच्या जातीचं एक मोठं झाड, त्याचा चीक काढायचे. मैदानातले व्यापारी चीक गोळा करायला डोंगरात शिरू लागले. एकाच झाडाला इतक्या चिरा की झाडं मरायला लागली. हस्तिदंत, मेण, हत्ती पकडणं, हेही चालू होतं. कुणी कुणाला फसवलं, कुणी कुणाच्या हद्दीत शिरलं, यावरून भांडणं, आणि भांडणातून हल्ले.

आहोम राजांच्या काळात या संबंधांची एक रीत होती. तिला पोसा म्हणायचे. डोंगरातले काही समाज ठरावीक गावांतून धान्य, कापड, मीठ असं काही घेऊन जात, त्याला राज्याची मान्यता असे. इंग्रजांना ती खंडणी वाटली. त्यांनी पोसाचं रूपांतर सरकारी खजिन्यातून मिळणाऱ्या रोख रकमेत केलं. म्हणजे दोन शेजाऱ्यांमधला व्यवहार मोडला आणि मधे एक साहेब येऊन बसला.

आणि मग जानेवारी १८७१. काछारमधल्या अलेक्झांड्रापूर नावाच्या चहाच्या मळ्यावर लुशाई लोकांनी हल्ला केला. लुशाई म्हणजे आजच्या मिझोरामचे. विंचेस्टर नावाचा मळेवाला मारला गेला आणि त्याची साधारण सहा वर्षांची मुलगी मेरी हिला ते सोबत घेऊन गेले. तिला सोडवायला आणि धडा शिकवायला १८७१-७२च्या हिवाळ्यात इंग्रजांनी दोन बाजूंनी फौज पाठवली, एक काछारकडून आणि एक चितगावकडून. मेरी वर्षभराने परत मिळाली. मिझो लोक तिला आजही झोलुती या नावाने ओळखतात. पण सरकारच्या वहीत या मोहिमेचा खर्च लिहिला गेला, आणि कलकत्त्यात हिशेब सुरू झाला. एक मळेवाला हद्द ओलांडून पुढे जातो, मार खातो, आणि त्याच्यामागे सरकारला फौज पाठवावी लागते. हे परवडणारं नाही.

उत्तर म्हणून आला १८७३चा पाचवा रेग्युलेशन. पूर्ण नाव बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशन. आसाम तेव्हा बंगाल प्रांतातच होता, पुढच्या वर्षी वेगळा झाला, म्हणून नावात बंगाल. यात सरकारला अधिकार मिळाला की जिल्ह्यांमधून एक 'इनर लाइन' आखायची, आणि ती रेघ पासशिवाय ओलांडायला बंदी घालायची.

आता ऐका, बंदी कुणावर? कायद्याचे शब्द आहेत 'ब्रिटिश प्रजाजन'. म्हणजे मळेवाले, व्यापारी, सट्टेबाज. सरकार आपल्याच माणसांना सांगत होतं की याच्यापुढे जायचं नाही. पासशिवाय गेलात तर पहिल्या गुन्ह्याला १०० रुपयांपर्यंत दंड. दुसऱ्यांदा सापडलात तर ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सोबत रबर, मेण, हस्तिदंत किंवा जंगलातला दुसरा काही माल सापडला तर जप्त. आणि सातवं कलम: बाहेरच्या माणसाने रेघेपलीकडे परवानगीशिवाय जमिनीत हक्क मिळवायचा नाही. हे सातवं कलम लक्षात ठेवा, ते पुढे लागणार आहे.

इथे इंग्रजांना साधूसंत करायची गरज नाही. डोंगरातल्या लोकांची कणव येऊन ही रेघ आखलेली नव्हती. चहाच्या मळ्यांवर कर मिळतो, तेवढा भाग आत घ्यायचा. जिथे राज्य चालवायला खर्च जास्त आणि उत्पन्न कमी, तो भाग रेघेपलीकडे ठेवायचा. सोयीचं वाटलं तेव्हा रेघ पुढेही सरकवली. रेघेपलीकडच्या लोकांना तर कुणी विचारलंच नव्हतं. आणि तरी, एवढ्या स्वार्थातून आलेल्या त्या कागदामुळे पलीकडची जमीन सावकार आणि कंपन्यांच्या हातात गेली नाही. हेतू एक, परिणाम दुसरा. इतिहासात हे फार वेळा होतं.

१९४७ आलं. ब्रिटिश प्रजाजन राहिले नाहीत. मग त्यांना अडवणाऱ्या कायद्याचं काय? आमच्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात. कुणीतरी जुन्या काळी लिहून ठेवलेलं, लिहिणारा गेलेला, पण काढलं तर काय कोसळेल ते माहीत नाही, म्हणून कुणी हात लावत नाही. १९५० मध्ये नेमकं तेच झालं. कायदा ठेवला, शब्द बदलला. 'ब्रिटिश प्रजाजन'च्या जागी 'भारताचे नागरिक' आले. एका बदलाने मळेवाल्याच्या जागी मी येऊन उभा राहिलो. भालुकपाँगला पोलीस मला अडवतो तेव्हा कायद्याच्या दृष्टीने मी त्या विंचेस्टरच्या रांगेत असतो.

आणि माझ्या जर्मन सहकाऱ्याचं परमिट? ते १९५८च्या आदेशातून आलं, परदेशी नागरिकांसाठीच्या संरक्षित क्षेत्रांच्या. पण त्यात संरक्षित क्षेत्र कसं ठरवलं होतं बघा: इनर लाइन आणि आंतरराष्ट्रीय सीमा यांच्या मधला भाग. म्हणजे २०व्या शतकातला सुरक्षेचा आदेश १९व्या शतकातल्या चहाच्या रेघेवर उभा राहिला.

ही रेघ ठेवायची की पुसायची, यावर तेव्हाही भांडण होतं. त्यातल्या एका माणसाचा आपल्या पुण्याशी संबंध आहे. व्हेरियर एल्विन. इंग्लंडहून १९२७ मध्ये ख्रिस्त सेवा संघाचं काम करायला हा तरुण पुण्यात आला. गांधीजींच्या प्रभावात आला, पुढे चर्च सोडलं, मध्य भारतात गोंडांमध्ये जाऊन राहिला. १९५४ मध्ये त्याला नेफाचा, म्हणजे आजच्या अरुणाचलचा, आदिवासी विषयांचा सल्लागार नेमलं. १९५७ मध्ये त्याचं 'अ फिलॉसॉफी फॉर नेफा' आलं, आणि दुसऱ्या आवृत्तीला नेहरूंची प्रस्तावना होती. म्हणणं असं की या लोकांवर बाहेरून काही लादू नका, त्यांच्या जमिनीचे आणि जंगलाचे हक्क जपा, बाहेरच्या माणसांचा लोंढा तिथे नेऊ नका.

दुसऱ्या बाजूला राममनोहर लोहिया. त्यांना ही रेघ अजिबात मान्य नव्हती. भारतीय माणसाला भारतात फिरायला परवाना कशाला? ही इंग्रजांची फूट आपण का जपतोय? ते नुसते भाषण देऊन थांबले नाहीत. १९५८ आणि १९५९ मध्ये परवाना न काढता नेफात शिरायला गेले आणि दोन्ही वेळा त्यांना अटक झाली. नेफा हे रुक्ष नाव त्यांना आवडायचं नाही, ते त्या प्रदेशाला 'उर्वशीयम' म्हणायचे.

म्हणजे भालुकपाँगला मी जे बोललो, ते लोहिया साठ वर्षांपूर्वी बोलून गेले होते. फरक एवढाच की ते त्यासाठी अटक करून घ्यायला तयार होते, आणि मी गाडीत चिप्स खात बोललो होतो.

एल्विन बरोबर की लोहिया? मी बराच काळ लोहियांच्या बाजूला होतो. पण या दोघांच्या वादात एक गोष्ट राहून जाते. दोघंही बाहेरून आलेले. डोंगरातल्या माणसांचं काय म्हणणं होतं? त्याचं उत्तर मिळतं मणिपूरमध्ये.

मणिपूरमध्येही बाहेरच्यांना परवाना लागायचा. नोव्हेंबर १९५० मध्ये ती पद्धत तिथे बंद केली गेली. लोहियांना जे हवं होतं ते तिथे आपोआप झालं. पुढे काय झालं? बाहेरून माणसं येत राहिली, बाजार आणि जमीन यांची भीती वाढत गेली, आणि काही दशकांनी तिथले तरुण रस्त्यावर येऊन म्हणायला लागले, आम्हाला इनर लाइन परत द्या. जुलै २०१५ मध्ये इंफाळमध्ये अशाच आंदोलनात पोलिसांच्या कारवाईत एका शाळकरी मुलाचा जीव गेला. शाळेचा गणवेश घातलेला मुलगा. त्याला १८७३चा कायदा हवा होता.

डिसेंबर २०१९ मध्ये, नागरिकत्व दुरुस्ती कायद्याच्या गदारोळात, इनर लाइन मणिपूरला लागू झाली. त्या कायद्यातही लिहिलंय की इनर लाइनच्या भागात तो लागू होणार नाही. त्याच महिन्यात नागालँडने दिमापूर रेघेच्या आत घेतलं, आणि मेघालयच्या विधानसभेने आम्हालाही आयएलपी द्या असा ठराव केला. १८७३ मध्ये जी रेघ कुणाला न विचारता आखली, ती २०१९ मध्ये लोक मागून घेत होते.

का? सातवं कलम आठवा. जमीन. आपण महाराष्ट्रात राहतो, आपल्याला हे कळायला हवं. मुळशी, मावळ, अलिबाग. ज्या गावात आजोबांची शेती होती तिथे आज दुसऱ्याचा फार्महाऊस आणि नातू तिथेच वॉचमन, ही गोष्ट आपल्याला कुणी सांगायची गरज आहे का?

अर्थात ही ढाल सगळ्यांना सारखी लागत नाही. भालुकपाँगला आमच्या मागे एक पिकअप उभी होती, रस्त्याच्या कामावरच्या मजुरांनी भरलेली. त्यांच्यासाठी बोलायला मुकादम यायचा होता, तोपर्यंत ते बाजूला उकिडवे बसून होते. माझं काम दोन मिनिटांत झालं. पर्यटकाला लवकर, मजुराला उशिरा. मणिपूरमध्ये तर परवाना आल्यावर चार वर्षांनी, २०२३ मध्ये, राज्यातलीच माणसं एकमेकांविरुद्ध उभी राहिली. रेघ बाहेरच्याला थांबवते, आतलं भांडण मिटवत नाही. हेही सांगायला हवं.

आता परत रस्त्यावर. आम्ही बोमदिला मागे टाकून दिरांगला मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी सेलाचा नवा बोगदा पार करून तवांगला. सतराव्या शतकातला मठ, सहाव्या दलाई लामांचं जन्मस्थान जवळच. तवांगहून पुढे बुमला खिंड आहे, चीनच्या सीमेवर. तिथे जायला मला आयएलपीच्या वर आणखी एक परवाना लागला. परदेशी पाहुण्यांना तिथे जाता येत नाही, म्हणून जर्मन जोडपं तवांगमध्येच थांबलं. मी आणि मित्र गेलो. वारा असा की बोलायला तोंड उघडवत नाही.

त्या खिंडीत उभं राहून मित्र म्हणाला, "मला खरा व्हिसा कुठे लागतो माहितीये? इथून पलीकडे. आणि तो मला मिळत नाही."

चीन अरुणाचलला भारताचा भाग मानत नाही. म्हणून अरुणाचलच्या माणसाला पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी वेगळ्या कागदावर व्हिसा देऊन तो टाचणी मारून जोडतात. स्टेपल्ड व्हिसा. भारत तो मान्य करत नाही, त्यामुळे तो घेऊन विमानात चढता येत नाही. जुलै २०२३ मध्ये चेंगडूच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेसाठी अरुणाचलच्या तीन वुशू खेळाडू मुलींना असाच व्हिसा दिला, आणि भारताने अख्खा वुशू संघच पाठवला नाही. दोनच महिन्यांनी हांगझोऊच्या एशियाडला त्याच तिघींना प्रवेश मिळाला नाही, म्हणून आपल्या क्रीडामंत्र्यांनी दौरा रद्द केला. तयारी वर्षानुवर्षांची, आणि अडलं कुठे, एका स्टेपलरच्या पिनेवर.

आता दिरांगची रात्र, जी मी शेवटासाठी ठेवली होती.

मित्राच्या घरी चुलीपाशी बसलो होतो. त्याच्या आमाने लोण्याचा खारट चहा दिला. आजोबा कोपऱ्यात बसले होते. १९६२च्या युद्धात ते तरुण होते, सगळ्यांबरोबर डोंगर उतरून आसामात गेले होते. मित्राने मला काय झालं ते त्यांना सांगितलं, मी गेटवर काय बोललो ते. आजोबा हसले आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले. मित्राने अर्थ सांगितला: "खाली गेलो तेव्हा आमच्याकडे कागद नव्हता. लोकांनी शाळेत झोपायला जागा दिली. कागद नंतर आले."

मग मित्र माझ्याकडे वळून म्हणाला, "तुला बाणेरचा तो फ्लॅट आठवतो?"

आठवत होता. तीन वर्षांपूर्वी त्याला भाड्याने घर हवं होतं, मी सोबत गेलो होतो. सोसायटीच्या ऑफिसात एका काकांनी त्याचं आधार कार्ड हातात घेतलं, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पासपोर्ट? व्हिसा?" तो म्हणाला, "काका, मी भारतीय आहे." काका म्हणाले, "ते ठीक आहे, पण नियम आहे." असा कुठलाही नियम नव्हता. मला ते माहीत होतं. आणि मी काय केलं? मी मोबाइल काढून मेसेज बघत बसलो. मराठी माझी, गाव माझं, ओळख माझी. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. नाही बोललो. घर त्याला मिळालं नाही.

"तुझ्या परमिटवर लिहिलंय की तू कुठे जाऊ शकतोस आणि किती दिवस," तो म्हणाला. "त्याला कायदा आहे, फी आहे, वेबसाइट आहे. मला पुण्यात जे परमिट लागतं, ते कुठे मिळतं सांग."

तो रागाने बोलला नाही. आमा अजून चहा ओतत होती. मला उत्तर सुचलं नाही, आणि आता हे रेकॉर्ड करतानाही नीट सुचत नाहीये. "सॉरी" म्हणालो. तो म्हणाला, "पी, थंड होतोय."

मंडळी, भालुकपाँगची रेघ निदान नकाशावर आहे. तिच्यावर वाद घालता येतो, ती पुसा म्हणून लोहियांसारखं आत जाता येतं, ती द्या म्हणून मणिपूरच्या पोरांसारखं रस्त्यावर येता येतं. बाणेरच्या ऑफिसातली रेघ कुठल्याच कायद्यात नाही, म्हणून ती रद्दही करता येत नाही. ती फक्त शेजारी उभ्या माणसाने तोंड उघडलं तरच पुसते.

परत आल्यावर गेल्या महिन्यात मित्राने पुन्हा घर बदललं. यावेळी मी सोबत गेलो आणि मोबाइल खिशात ठेवला. बोलायची वेळ आली नाही, घरमालकीण काकूंनी विचारलं ते एवढंच: "मांसाहार चालतो ना तुम्हाला? कारण आमच्याकडे रविवारी असतो." घर मिळालं.

तुम्ही अरुणाचलला जाणार असाल तर जरूर जा. आयएलपी वेळेत काढा, झेरॉक्स ठेवा, बुमलाचा परवाना तवांगमध्ये विचारा, सोबत परदेशी मित्र असेल तर त्याचं पीएपी महिनाभर आधी हातात घ्या. आणि गेटवर थांबावं लागलं तर कुरकुर करण्याआधी हा भाग आठवा. पुढच्या वेळी भेटू, तोवर काळजी घ्या.